चार दिवसांची गोळी

पाठीत उसण भरली की आपल्याकडे माणूस आधी कपाटातला औषधांचा डबा उघडतो. मागच्या खेपेला उरलेली किंवा शेजाऱ्यांनी ‘आम्हाला गुण आला’ म्हणून दिलेली अर्धी पट्टी त्यात असतेच. गोळी पोटात जाते, तासाभरात अंग हलकं वाटतं, छान झोप लागते आणि सकाळी पाठ थोडी सुटलेली असते. त्या दिवसापासून ती गोळी त्या घराची होऊन जाते. पुढे मान अवघडली, पायात वांब आला, हातगाडी ढकलून खांदा भरून आला, तरी तीच गोळी निघते. आखडलेले स्नायू सैल पडावेत म्हणून द्यायच्या या औषधांना डॉक्टर आणि मेडिकलवाले ‘मसल रिलॅक्संट’ म्हणतात. ही पुस्तिका त्यांच्याविषयी आहे.

मी फार्मासिस्ट आहे आणि पुनावळ्यात काउंटरमागे उभी असते. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. काटे वस्ती, कोयते वस्ती ही नावं अजून गावाचीच आहेत, पण त्यांच्या भोवती आता बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत. एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला रावेत-किवळे आणि तिथून पुढे तळेगाव-चाकणच्या कंपन्या. त्यामुळे इथे पाठीचं दुखणं सगळ्या तऱ्हांचं येतं. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मान धरलेला, असेंब्ली लाईनवर उभं राहून कंबर गेलेला, बांधकामावर सळई वाकवणारा, पाठीवर बॅग घेऊन जिने चढणारा डिलिव्हरीवाला आणि बाळाला कडेवर घेऊन खालचं सामान उचलताना चमक भरलेली आई. यांतले बरेचसे रोज दुचाकीवर असतात. हायवेच्या सर्व्हिस रोडचे खड्डे आणि भुयारी मार्गातली कोंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना पाठीचं वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ही गोळी दुखते पाठीत म्हणून घेतली, तरी ती काम करते मज्जारज्जूत आणि मेंदूत. म्हणून गोळी घेतल्यावर तुम्ही कुठे जाणार, कोणत्या मशीनवर उभे राहणार, कोणत्या पाळीला जाणार, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये आणि सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. पुस्तिकेची पुढची पानं याच्याच तपशिलाची आहेत.

आखडणं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. वाकून ओझं उचलताना मणक्याचा एखादा सांधा, चकती किंवा अस्थिबंध दुखावतो. तिथून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि आसपासच्या स्नायूंना ताठ राहण्याचा हुकूम सुटतो. दुखऱ्या जागेची हालचाल थांबावी म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. मात्र बराच वेळ ताठ राहिलेला स्नायू मग स्वतःच ठणकू लागतो. आपल्याकडे चालणाऱ्या क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामॉल, थायोकोल्चिकोसाईड आणि टिझानिडीन या गोळ्या त्या दुखावलेल्या सांध्याला हात लावत नाहीत. निरोप आणि हुकूम यांची मज्जारज्जूत-मेंदूत जी ये-जा चालते, ती त्या मंद करतात. ती मंदावते तेव्हा पाठीसोबत डोळ्यांवरही झापड येते. गोळीचा गुण आणि गोळीची गुंगी एकाच ठिकाणाहून येतात. स्नायूच्या आत शिरून काम करणारं डँट्रोलिन नावाचं औषध आहे, पण पाठदुखीला ते देत नाहीत. ऑपरेशनच्या भुलीत दिली जाणारी शिथिलकं आणखी निराळी. ती नस आणि स्नायू यांच्या जोडावर काम करतात आणि श्वासाचे स्नायूही थांबवतात, म्हणून ती फक्त भूलतज्ज्ञाच्या हाती असतात.

पाठीच्या या गोळ्यांचा जन्म पेनिसिलिनच्या कामातून झाला, आणि पिंपरीच्या माणसाने ही हकीकत मुद्दाम वाचावी. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या ब्रिटिश ड्रग हाउसेस या कंपनीत फ्रँक बर्गर नावाचे डॉक्टर होते. ते मूळचे झेकोस्लोव्हाकियातले ज्यू, हिटलरच्या आक्रमणामुळे देशोधडीला लागलेले. पेनिसिलिन तयार होत असताना काही जिवाणू त्यात शिरून त्याचा नाश करत, त्यांना रोखणारं रसायन बर्गर शोधत होते. त्यातलं एक संयुग, पुढे ज्याला मेफेनेसिन म्हणाले, त्यांनी विषारीपणा तपासायला उंदरांना टोचलं. उंदीर लुळे पडले, पण शुद्धीवर होते आणि त्यांचा श्वास नीट चालू होता. थोड्या वेळाने ते पूर्ववत झाले. १९४६ साली बर्गर यांनी हे प्रसिद्ध केलं आणि आज आपण ज्यांना मसल रिलॅक्संट म्हणतो, त्या गोळ्यांची वाट तिथून सुरू झाली.

पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी याच धाग्यावर मेप्रोबामेट तयार केलं. ‘मिलटाऊन’ या नावाने ते १९५५ साली बाजारात आलं आणि मनाची धास्ती शमवणारं औषध म्हणून बेफाम खपलं. त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९५९ मध्ये कॅरिसोप्रोडॉल आलं, पाठदुखीसाठी. शरीरात गेल्यावर कॅरिसोप्रोडॉलचं काही प्रमाणात मेप्रोबामेटच होतं. पाठ सैल करणारी आणि मन सैल करणारी औषधं अशी एकाच संशोधनातून निघाली आहेत. ज्या पेनिसिलिनपायी हे घडलं, ते भारतातच तयार व्हावं म्हणून १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. माळरानावर आधी ती आली, आणि मग हा सगळा औद्योगिक पट्टा तिच्या आसपास वाढला.

आणखी एक औषध तर आपल्या कुंपणावर उगवतं. पावसाळ्यात मावळात फिरताना लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं असलेली वेल दिसते, ती कळलावी. तिच्या बियांत कोल्चिकोसाईड असतं आणि त्यावर प्रक्रिया करून थायोकोल्चिकोसाईड बनवतात. तामिळनाडूत त्यासाठी तिची शेती होते. झाड म्हणून ती जहाल विषारी आहे. तिचा कंद खाऊन माणसं दगावली आहेत, त्यामुळे घरगुती औषध म्हणून तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. गोळीच्या रूपातही तिला मर्यादा आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की थायोकोल्चिकोसाईडच्या गोळ्या सात दिवसांहून जास्त देऊ नयेत, सोळा वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तर नाहीच. शरीरात तिच्यापासून तयार होणारं एक द्रव्य पेशींच्या विभाजनात गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतं, हे त्यामागचं कारण. ज्याला फिट्स येतात त्यानेही ती टाळायची. कंबर दुखते म्हणून नव्या नवरीला घरातल्या डब्यातली गोळी देणाऱ्या सासूबाईंना हे माहीत नसतं. आजवर त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आता गुणाचं बघू. या गोळीने खरंच किती फरक पडतो? २०२१ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कंबरदुखीवरच्या ३१ चाचण्यांचा आणि त्यांतल्या ६,५०५ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. पहिल्या दोन आठवड्यांत वेदना थोडी कमी होऊ शकते, असं त्यात दिसलं. थोडी म्हणजे शंभराच्या मापावर आठाच्या आत, आणि त्या आकड्याचीही खात्री फार कमी. त्याआधी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तातडीच्या विभागात ३२३ रुग्णांवर चाचणी झाली होती. साध्या वेदनाशामक गोळीला सायक्लोबेन्झाप्रीन या शिथिलकाची जोड दिली, तरी आठवड्यानंतर जास्तीचा फायदा आढळला नाही. जुनाट कंबरदुखीत तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधं सरसकट वापरू नका असंच सांगितलं आहे. कमरेचा पट्टाही नेहमीच्या उपचारात नको, असं त्याच सूचना म्हणतात.

तरीही गोळीने बरं वाटलं असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला त्याचा पाय लावतात. त्यानेही माणसं बरी होतात. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो उपाय हाताशी असतो, त्याच्या पदरात श्रेय पडतं. मला गोळीची निंदा करायची नाही. पहिल्या दोन-तीन रात्री कूस बदलता येत नाही आणि झोपही नाही, अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली गोळी मोठा आधार असते. पण ती आजार काढून टाकत नाही. शरीर स्वतःला बरं करत असताना तेवढे दिवस सुसह्य करणं, इतकंच तिचं काम आहे.

काउंटरवर रोज घडणारी एक गोष्ट सांगते, कारण खरा घोटाळा तिथे आहे. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं. दुकानदार दहाच्या पट्टीतून कात्रीने चार कापतो. पट्टीच्या मागे चंदेरी कागदावर अगदी बारीक अक्षरांत घटक, मात्रा, बॅच, मुदत आणि लाल चौकटीतली सूचना असते. कात्री फिरली की यातलं बरंचसं उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहतं. गिऱ्हाइकाच्या हातात औषधाचं अर्धं नाव आणि चार फुगवटे येतात. हे लोक ज्याला ‘पाठीची गोळी’ म्हणतात, तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं असतात: अॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम किंवा डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ आणि क्लोरझोक्साझोन २५०. म्हणजे स्नायू सैल करायला गेलेल्या माणसाने पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकणारं वेदनाशामकही घेतलेलं असतं. त्यातच सर्दी झाली म्हणून दुसरी गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं. ज्याचं यकृत आधीच दारूने थकलेलं आहे, त्याने तर क्लोरझोक्साझोनपासून जपूनच राहायला हवं. या औषधाने यकृताला इजा होते ती क्वचित, पण होते तेव्हा गंभीर असते.

टिझानिडीनबद्दलची एक सूचना मी ठळक अक्षरांत छापायला सांगितली आहे. जुलाब लागले किंवा लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकाची गोळी सहज घेतली जाते. टिझानिडीनचा निचरा करणारं यकृतातलं विकर सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे अडतं आणि रक्तातलं टिझानिडीन सुमारे दहापट चढू शकतं. रक्तदाब झपाट्याने उतरतो, माणूस उभ्याचा खाली कोसळतो. ही दोन औषधं एकत्र घ्यायचीच नाहीत. फ्लुव्होक्सामिन या मानसोपचारातल्या औषधाबरोबरही तसंच. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या दोन दुकानांत गेल्या तर हे कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच फार्मासिस्टला दाखवा.

मग पाळीचा प्रश्न. “ताई, परवासारख्याच चार द्या.” कुणासाठी? “मलाच. पाठ धरलीय. आज नाईट आहे, उभं राहवत नाही.” हा संवाद मला नवा नाही. पट्टीवर ‘गुंगी येऊ शकते, वाहन चालवू नये’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणारा ते कारवाल्यांसाठी आहे असं समजतो. इथे गोळी घेणारा माणूस मोटारसायकलवरून महामार्गाला लागतो आणि तासाभराने पॉवर प्रेस, लेथ, क्रेन किंवा फोर्कलिफ्टवर असतो. प्रेसवर बोटं गमावलेले कामगार या पट्ट्यात शोधावे लागत नाहीत. तिसऱ्या पाळीत पहाटे तीन-चारला शरीर तसंही झोप मागत असतं, त्यात गोळीची गुंगी मिसळली तर हात अर्ध्या क्षणाने मागे पडतो. ‘रात्री झोपताना एक’ असं डॉक्टर लिहितात ते दिवसपाळीचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून. रात्रपाळीवाल्याची झोपायची वेळ सकाळची, आणि तो मात्र गोळी चिठ्ठीप्रमाणे रात्रीच घेतो, म्हणजे नेमकी कामावर निघताना. डॉक्टरांनी पाळी विचारावी, फार्मासिस्टने पुन्हा विचारावी आणि सुपरवायझरने ‘आज गोळी घेतलीय, मशीन नको’ म्हणणाऱ्याला टाळाटाळ करणारा समजू नये. एका दिवसाचं उत्पादन थोडं कमी निघालं तर कंपनी बुडत नाही.

ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी चिठ्ठीचा आणि दुकानात फार्मासिस्ट हजर असण्याचा नियम कडकपणे लावायला घेतला, तेव्हा विक्रेत्यांनी मोठा विरोध केला. मी त्याच व्यवसायातली आहे आणि माझ्या मते तो आग्रह योग्य होता. सैल सोडलं तर काय होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यात दिसलं. पालघरच्या एका कारखान्यात टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल यांची एकत्र गोळी बनवून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवली जात होती. तिथली तरुण पोरं तिच्या आहारी गेली होती. बीबीसीने हे उघड केल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडगोळीच्या उत्पादन आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला लावल्या आणि कारखान्यावर छापा पडला. युरोपात कॅरिसोप्रोडॉल २००७ नंतर बाजारातून काढून घेतलं गेलं, अमेरिकेत २०१२ पासून ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. पाठीची गोळी कुणाला व्यसन लावेल असं वाटत नाही, म्हणून हे सांगते आहे.

बॅक्लोफेनचं प्रकरण वेगळं आहे. पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूला इजा झाल्यावर हातपाय कायमचे ताठरतात, त्यासाठी ते महिनोन्महिने घ्यावं लागतं. पाठीची गोळी चार दिवसांपुरतीच घ्यावी, हा माझा आग्रह त्याला लागू नाही. उलट ते एकाएकी बंद केलं तर भ्रम होतो, फिट्स येतात. घरात असा रुग्ण असेल तर पट्टी संपण्याआधी नवी आणून ठेवा, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना शक्यतो यांतलं काही देऊ नये. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुबा मोडतो, आणि पाठीच्या दुखण्यापेक्षा ते कितीतरी वाईट. पाठदुखीबरोबर लघवी-संडासचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं, ताप येतो आहे किंवा उंचावरून पडल्यानंतर दुखणं सुरू झालं आहे, तर गोळीत वेळ घालवू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात जा. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, विमा असलेल्या कामगारांना राज्य विमा योजनेचं रुग्णालय आहे.

गोळीने जे चार दिवस सुसह्य होतात, त्यांत करायचं काय, हे पुस्तिकेच्या शेवटच्या भागात दिलं आहे. अंथरुणाला खिळून राहू नका. शेक घ्या, जमेल तसं चाला, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. आणि मुळात पाठ का धरली ते शोधा. पेलणार नाही एवढं ओझं कामगाराला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमातच लिहिलेलं होतं. पेटी जमिनीऐवजी कमरेच्या उंचीवर ठेवली, ट्रॉलीची चाकं फिरती ठेवली, दोघांचं वजन एकट्यावर टाकलं नाही, तर कित्येक पाठी वाचतील. हा खर्च मालकाने करायचा आहे. एकाच खात्यातले कामगार पुन्हा पुन्हा पाठीची गोळी मागत असतील, तर तिथे डॉक्टरांच्या आधी मेंटेनन्सवाल्याला बोलवायला हवं.

वाचकांना माझी विनंती आहे. गोळ्या चारच घ्या, पण घटकांची नावं असलेला पट्टीचा भाग मागून घ्या किंवा फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि बिल घ्या. दुसरी कोणती औषधं चालू आहेत ते सांगा. स्त्रियांनी दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर संकोच न करता सांगा. चार दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा काउंटरवर येऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि पैसे देण्याआधी आपली पाळी कोणती, एवढं आम्हाला नक्की सांगा.